गिरणीच्या आवाजात घ्यायचं नाव

हे मी दुपारी लिहितेय, ऊन अजून अंगणात आहे, म्हणून एकदाचं स्पष्ट लिहून टाकते: साप. आमच्याकडे दिवेलागणीनंतर हा शब्द कुणी काढत नाही. नाव घेतलं की ते ऐकतं आणि येतं, असं सगळे मानतात; मीही मानते. तेव्हा ‘जनावर’ म्हणायचं, फार तर ‘लांबडं’. आमच्या शेजारच्या वर्षाच्या घरात तर भर दुपारीही तो शब्द निघत नसे, आणि त्यापायी तिचं काम सुटायची वेळ आली होती. २०१८ सालची गोष्ट. वहीत तुटक तुटक टिपलेली आहे, ती आज सलग लिहिते.

वर्षा वाणगावची. बारावी झालेली, हसायला लागली की थांबत नाही अशी. लग्न होऊन तलासरीच्या आत, डोंगराकडच्या आमच्या पाड्यावर आली. नवरा मिथुन वापीला कंपनीत. शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा. घरी ती आणि सासू जानीबाय, दोघीच. सासरे लडक्यादादा, वर्षा यायच्या आदल्या भाद्रपदात भाताच्या बांधावर जनावर चावून गेले. जानीबाय तेव्हा त्यांच्याबरोबरच होत्या. त्यानंतर त्या घरात तो शब्द बंद झाला, तो कायमचा.

डहाणूला स्टेशनजवळ प्रविणभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो काढता काढता ते नेटवर फोटो आणि व्हिडिओ विकायला लागले, स्वतःचे आणि ओळखीच्यांचेही. कुठला तरी माणूस कुठे तरी बसून एक शब्द टाइप करतो, आणि तो शब्द ज्या फोटोला जोडलेला असेल तो फोटो त्याच्यापुढे येतो. शब्द जोडलेला नसेल तर फोटो कितीही सुंदर असो, असून नसल्यासारखा. हे शब्द इंग्रजीत जोडायचे, त्याला कीवर्ड म्हणतात. ते काम प्रविणभाईंनी वर्षाला शिकवलं आणि एक जुना लॅपटॉप दिला. पाड्यात रेंज फक्त आमच्या ओट्याच्या एका कोपऱ्यात येते. त्यामुळे घरकाम उरकलं की वर्षा आमच्या ओट्यावर. घराला लागून यजमानांची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यांनाही तिचं काम पाठ झालं होतं.

एकदा चिंचणीच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीचा फोटो आला होता. वर्षा मासे, वाळू, ऊन, कोळीण, टोपली असं एकेक जोडत बसलेली.

मी म्हटलं, “आणि वास गं? वास लिहिलास का?”

“काकू, वास दिसत नाही.”

“मला इथे बसून येतोय.”

ती हसत सुटली, आणि तिने तोही शब्द घातला. मला ते काम मनापासून आवडायचं. देवाला तरी इतकी नावं का? ज्याला जे आठवेल त्या नावाने त्याने हाक मारावी, आणि हाक पोचावी. वर्षाचं काम मला तसंच वाटायचं.

संध्याकाळी जानीबायही येऊन बसायच्या. त्यांना टीव्हीपेक्षा वर्षाची चित्रं आवडत. “ही बाई कोण? हिचं घर कुठं?” असं प्रत्येक फोटोला विचारायच्या. वर्षाही कंटाळा न करता काहीतरी गाव ठोकून द्यायची.

मिथुनला मात्र हे पटत नव्हतं. त्याने वापीला खोली बघून ठेवली होती. आई शेत सोडून यायला तयार नाही, मग निदान बायको तरी. वर्षाने त्याला सांगितलं होतं, “मी इथे बसून घराला हातभार लावते ना? मग आईंना एकटं कशाला टाकायचं?” बरीच वादावादी होऊन ठरलं ते असं: काम आहे तोवर वर्षा पाड्यावर. काम सुटलं की वापी.

आणि श्रावण संपता संपता ते फोटो आले. प्रविणभाईंचा एक मित्र लोकांच्या घरात शिरलेली जनावरं धरून जंगलात सोडतो. त्याने काढलेले फोटो आणि थोडे व्हिडिओ. दिवेलागण झाली होती, मी तुळशीपाशी निरांजन ठेवून वळले, तर जानीबाय ओट्यावरून उठून चाललेल्या. लॅपटॉपवर गवतात वेटोळं घालून बसलेलं ते.

वर्षाने त्या फोटोंना सगळे शब्द जोडले: गवत, दगड, हिरवा, रान, अंधार, लांब, प्राणी. फक्त तेवढा एक शब्द जोडला नाही. आणि दिलं पाठवून.

दुसऱ्या दिवशी प्रविणभाईंचा फोन. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला.

“अगं वर्षा, काय पाठवलंस हे? फोटो सापाचा, आणि साप कुठेच नाही! ज्याला साप पाहिजे त्याला मिळणार कसा?”

“भाई, ज्याला नको त्यालाही मिळायला नको ना.”

“मस्करी करतेस?”

“नाही हो. आमच्या घरात तो शब्द चालत नाही.”

“इंग्रजीत लिहायचाय, बाई! इंग्रजी कुठल्या जनावराला कळतंय?” मग जरा नरमून म्हणाले, “बघ, त्या माणसाला मी शब्द दिलाय. उद्या संध्याकाळपर्यंत नीट करून दे. नाहीतर डहाणूतल्या मुली आहेत, सगळंच काम त्यांना देऊन टाकतो. अर्धं इथे अर्धं तिथे मला जमणार नाही.”

फोन ठेवून वर्षा माझ्याकडे वळली. “काकू, तुम्ही इतकं देवाधर्माचं करता. टाइप केलं तर नाव घेतल्यासारखं होतं का?”

नागपंचमीला मी स्वतः पाटावर गंधाने नागोबा काढते, नाव घेऊन दूध-लाह्या ठेवते. पण ते सकाळी, आणि हात जोडून. शिवाय माझ्या घरातलं माणूस त्याने नेलेलं नाही. मी म्हटलं, “माझ्या घरात असतं तर मी म्हटलं असतं, उजेडी लिही. पण हे घर जानीबायचं, दुःखही त्यांचं. त्यांना विचार.”

“विचारू कसं? विचारायला तरी तो शब्द काढावा लागेल!”

एरवी ती यावर हसली असती.

सकाळी जानीबाय नागलीची, म्हणजे नाचणीची, टोपली घेऊन दळायला आल्या. मी त्यांना गिरणीच्या दारातच गाठलं. “जानीबाय, पोरीचं काम अडलंय.”

“ठाव हाय. जेवली नाय काल.”

“काम सुटलं तर मिथुन तिला वापीला नेणार.”

“तेही ठाव हाय.” टोपलीतले खडे निवडल्यासारखं करत त्या म्हणाल्या, “तिला बोलले असते मी, लिही. पण ते आइकतं ना. माझ्या घरातून हाक गेली तर माझ्याच घरात येल.”

तेवढ्यात आमच्या यजमानांनी गिरणी सुरू केली. मी म्हणत होते की देवावर भार टाका, दिवसाउजेडी काही होत नाही. बरंच काही म्हणत होते. जानीबाय हात कानाशी नेऊन “काय? काय?” करत होत्या. मी आणखी ओरडले. आणि त्या एकदम हसायलाच लागल्या. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, “तुमी माझ्या पुढ्यात उभ्या, तरी माना तुमचं बोलणं आइकू येत नाय. मंग त्याला कुठून येल? बोलवा पोरीला!”

वर्षा लॅपटॉप घेऊन धावत आली. यजमान म्हणाले, “पीठ जाईल त्याच्यात, मग मला बोलू नका.” लॅपटॉपवर माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा टाकला, स्टुलावर ठेवला, आणि सासू-सून दोघी त्यात डोकं घालून बसल्या. गिरणी चालली आहे तोवर लिहायचं, थांबली की हात थांबवायचे, असा जानीबायचा हुकूम. आता रिकामी गिरणी तर चालवता येत नाही, दगड घासतात. नागली संपली तेव्हा मी घरातले तांदूळ आणून टाकले. तांदूळ संपले तेव्हा गहू. यजमान माझ्याकडे बघत होते, पण बोलले नाहीत. बोलले असते तरी ऐकू आलं नसतं.

एका फोटोवर जानीबायनी बोट ठेवलं. साखळीसारखी नक्षी होती पाठीवर. वर्षाच्या कानाशी तोंड नेऊन त्या कितीतरी वेळ बोलल्या. मला ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही नाही. वर्षाचे हात तसेच राहिले होते. मग जानीबायनी तिच्या दंडावर चापट मारली, लिही म्हणून, आणि तिने लिहिलं.

दुपारी ओट्याच्या कोपऱ्यात उभी राहून तिने सगळं पाठवलं, तेव्हा मला सांगितलं. आई म्हणाल्या, ‘तो हाच होता. मी नीट बघितला होता. दादांना झोळीत घालून नेताना सगळे विचारत होते, कसलं होतं, कसलं होतं. पण दिवेलागण झालेली, मी नाव घेतलं नाय. आणखी एक आला असता तर?’

नाव सांगितलं असतं तर दादा वाचले असते, हे इतकी वर्षं त्या बाईने एकटीने उरात ठेवलं होतं. यजमानांनी मुद्दाम आरोग्य केंद्रातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, इंजेक्शन वेगवेगळं नसतं हो, आपल्याकडच्या विषारी जनावरांवर एकच. नाव सांगितलं असतं तरी तेच दिलं असतं. मी लगेच जाऊन जानीबायना सांगितलं. त्या शेणाने पडवी सारवत होत्या. “एकच?” म्हणाल्या. मी म्हटलं, “एकच.” “हां,” म्हणाल्या, आणि हात न थांबवता सगळी पडवी सारवून काढली. संध्याकाळी मात्र आमच्या ओट्यावर आल्या आणि पहिल्यासारखं विचारायला लागल्या: ही बाई कोण, हिचं घर कुठं.

प्रविणभाईंनी फोन करून एवढंच सांगितलं, “आता सगळं बरोबर आहे.” त्या मित्राचे फोटो अजून येतात. मिथुनने वापीची खोली एका कामगाराला देऊन टाकली. शनिवारी येतो, सोमवारी जातो.

त्या आठवड्यात आमच्याकडे इतकं पीठ झालं होतं की शेजारीपाजारी वाटलं. आणि अजूनही वर्षा लॅपटॉप छातीशी धरून सकाळी गिरणीच्या दारात आली की यजमान पट्टा चढवता चढवता विचारतात, “काय गं, आज दळण कसलं? गव्हाचं, की जनावराचं?”