‘सर्वानुमते’ न लिहिणारी डेल्फिन

मरोळला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दोन मशिनं, एक कम्प्युटर आणि भिंतीला टेकवलेलं एक टेबल. त्या टेबलाशी गेली अकरा वर्षं डेल्फिन कुटिन्हो बसते. लिहून पोट भरते. कथा-कविता नाही, लोकांना जे लिहून लागतं ते. माहिती अधिकाराचा अर्ज, लग्नपत्रिका, चर्चची स्मरणिका, श्रद्धांजलीची जाहिरात, औषधाच्या डबीतल्या कागदाचं भाषांतर. पवईच्या एका ऑफिसातून परदेशी मालिकांचे संवाद येतात, ते ती मराठीत आणते. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटतील तिथेच आपलं वाक्य मिटलं पाहिजे, म्हणून स्वतःशीच पुटपुटत बसते. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, बाई जप करतेय.

तिचा जन्म इथल्याच गावठाणातला. वडिलांची भाताची खाचरं कारखान्याखाली गेली आणि त्याच कारखान्याच्या गेटवर ते वॉचमन झाले. डेल्फिन पालिकेच्या मराठी शाळेत शिकली. पुढे एका दैनिकात सोळा वर्षं मुद्रितशोधक होती. दैनिकाने उपनगरची आवृत्ती बंद केली तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ नेव्हिल म्हणाला, “पवईला माझ्या ओळखीने रिसेप्शनला लावतो तुला. लिहून कोणी जगतं का?”

“सोळा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढून जगले,” ती म्हणाली. “आता स्वतःच्या करून बघते.”

त्याच आठवड्यात ती माझ्या दुकानात आली आणि टेबल मागितलं.

लोकांना पहिल्यांदा नवल वाटतं. “तुम्ही ख्रिश्चन ना? मग मराठी एवढं चांगलं कसं?” असं कोणी विचारलं की ती मान वर न करता म्हणते, “तुम्ही हिंदू ना? मग तुमच्या अर्जात एवढ्या चुका कशा?” गिऱ्हाईक तोडशील तू एक दिवस, असं मी सांगायचो. पण श्रद्धांजली लिहायला तिच्याकडेच रांग. तिचा एक नियम होता: ज्या गुणाचा एक तरी प्रसंग घरचे सांगू शकत नाहीत, तो गुण छापायचा नाही. एकदा दोन मुलगे आले, वडिलांना ‘प्रेमळ’ लिहा म्हणाले. ती म्हणाली, प्रसंग सांगा. दोघं एकमेकांकडे बघत बसले. शेवटी धाकटा म्हणाला, “पण आमच्या बिल्डिंगचा पंप तेच दुरुस्त करायचे. बत्तीस वर्षं. फुकट.” तिने तेच लिहिलं. पुढे महिनाभर त्या बिल्डिंगचे लोक कात्रणाच्या झेरॉक्स काढायला येत होते.

या सगळ्यात तिचं बांधलेलं काम म्हणजे हाउसिंग सोसायट्यांची इतिवृत्तं. सभेत कोण काय बोललं, काय ठरलं, ते नीट मराठीत लिहायचं. आजूबाजूच्या चार सोसायट्या ते काम तिला देत. सभेला ती कोपऱ्यात वही घेऊन बसायची. कोणी तिच्याकडे बघायचंही नाही.

त्यातली एक सोसायटी जुनी, चार मजली. कोकणातून गिरणीत आलेल्या लोकांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली घरं. मागच्या वर्षी तिथे पुनर्विकासाची सभा झाली. बिल्डर ठरवायचा होता. सेक्रेटरी हर्षद गवाणकर, चाळिशीचा, बोलायला गोड. त्याने इंग्रजी करारातले मुद्दे भराभर सांगितले आणि हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर गेले. एक सोडून.

तळमजल्याच्या सोनूबाई राणे. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहतात. त्या उभ्या राहून म्हणाल्या, “जां माका वाचूक येणा नाय, तेच्यार मी सही करूचंय नाय. मराठीत लिवन द्येवा, मगे बगतंय.”

कोणीतरी हसलं. हर्षद म्हणाला, “मावशी, मी समजावतो नंतर.” सभा संपली.

डेल्फिनने जसं झालं तसं लिहिलं. ‘श्रीमती सोनूबाई राणे यांनी करार मराठीत मिळेपर्यंत ठरावास विरोध नोंदवला. उर्वरित सभासदांच्या बहुमताने ठराव मंजूर.’ दुसऱ्या दिवशी हर्षद कागद घेऊन दुकानात आला. मी कटिंग चहा मागवला.

“मॅडम, हे जरा बदलू या. ‘सर्वानुमते मंजूर’ असं करा.”

“सर्वानुमते झालेलं नाही.”

“अहो, एका म्हातारीचं काय घेऊन बसलात? एकच तर शब्द आहे.”

“एकच शब्द आहे ना,” डेल्फिन म्हणाली, “मग तुम्हाला तो एवढा कशाला हवाय?”

हर्षदने कागद टेबलावर ठेवला. मग खरं कारण बाहेर आलं. बिल्डरला विरोध कागदावर नको होता. उद्या कोणी कोर्टात गेलं तर तेवढीच एक ओळ नडली असती. “तुम्ही आमच्यासाठी काम करता,” तो म्हणाला. “सभासद तुम्ही नाही.”

“म्हणूनच तर मला बोलावलंत. सभासदाने लिहिलं असतं तर सोयीचं लिहिलं असतं.”

त्याने चहा तसाच ठेवला आणि गेला.

मी तिला म्हटलं, “डेल्फी, जाऊ दे ना यार. तुझं काय जातं?”

“माझी वही जाते,” ती म्हणाली. “किरण, या बाईने उभं राहून सांगितलं. मी ऐकलं. आता मी लिहिलं नाही तर ती बोललीच नाही असं होईल.”

मला तेव्हा ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मला माझ्या गिऱ्हाइकांची काळजी होती, कारण हर्षदची पाच-सहा सोसायट्यांत ओळख होती. आणि झालंही तसंच. पंधरा दिवसांत बाकीच्या तीन सोसायट्यांनी तिला कळवलं की आता आम्हीच लिहू. ती ज्याची भाषणं लिहायची तो वॉर्डातला एक उमेदवार होता. त्याचा फोन आला, “ताई, हर्षद आपला माणूस आहे, ॲडजस्ट करा.” तिने नाही म्हटल्यावर तेही काम गेलं. मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरला: मराठी माणसाच्या घरात या बाहेरच्या बाईची लुडबूड कशाला? तो मेसेज मला दुसऱ्या मजल्यावरच्या ऋतिकाने दाखवला. ती बँकेत आहे, माझ्याकडे नेहमी येते.

डेल्फिनने तो दोनदा वाचला. पहिल्यांदा तिचा चेहरा उतरला, ते मी बघितलं. गावठाणातलं तिचं घर त्या बिल्डिंगच्या शंभरेक वर्षं आधीचं आहे. मग तिने मला त्याची प्रिंट काढायला लावली, पेन घेतलं आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका गोल केल्या. “हा मराठी माणूस कोण ते मला माहीत नाही,” ती म्हणाली, “पण याला मी पुन्हा शाळेत बसवला असता.”

त्यानंतर सोनूबाई स्वतः दुकानात आल्या. हर्षदने दुसऱ्या कोणाकडून इतिवृत्त लिहून घेतलं होतं, त्यात ‘सर्वानुमते’ होतं. पुढच्या सभेत ते वाचून कायम करायचं, असं ऋतिकाकडून त्यांना कळलं होतं. “बाय, आता काय करूक व्हया?” त्यांनी विचारलं.

“पत्र देऊ. पण आता माझं काम काढून घेतलंय, सभेत मला येता येणार नाही. तुम्हालाच बोलावं लागेल.”

तिने चार ओळींचं पत्र लिहिलं. सोनूबाईंना आता अक्षर नीट दिसत नाही, म्हणून वाचून दाखवलं, परत वाचलं, परत. तिसऱ्या वेळेला सोनूबाईंनी हात वर करून तिला थांबवलं आणि सगळं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं, मालवणीत. डेल्फिन ऐकत राहिली. मग तिने पत्रातला एक शब्द खोडला आणि सोनूबाईंचा घातला. “तुमचा जास्त बरा आहे,” ती म्हणाली.

सभेत काय झालं ते ऋतिकाने सांगितलं. इतिवृत्त वाचून झालं, हर्षदने विचारलं, काही दुरुस्ती? सोनूबाई उठल्या. पत्र हातात धरलं, पण त्याकडे बघितलं नाही. माझा हात वर नव्हता, तुम्ही सगळ्यांनी बघितलंत, आणि या कागदावर तो वर दाखवलाय, असं त्या म्हणाल्या. कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्याचे धोंडू सावंत म्हणाले, “मलाही करार वाचायचाय. मी तेव्हा बोललो नाही, ही माझी चूक.” मग आणखी चौघं बोलले. अर्ध्या तासाने ‘सर्वानुमते’ खोडलं गेलं, आणि करार मराठीत करून घ्यायचा असं ठरलं. कोणाकडून? ऋतिकाने डेल्फिनचं नाव घेतलं. हर्षदचा विरोध होता. तो विरोधही इतिवृत्तात लिहिला गेला.

करार शहाऐंशी पानांचा. डेल्फिनला तीन आठवडे लागले. दुपारी सोनूबाई येऊन स्टुलावर बसत आणि ती झालेली पानं वाचून दाखवी. एका कलमाशी सोनूबाईंनी तिला थांबवलं. भाड्याने दुसरीकडे राहण्याचे पैसे चोवीस महिनेच मिळणार, असं त्यात होतं. “आणि बिल्डिंग तोपर्यंत झाली नाय तर?” त्यांनी विचारलं. इंग्रजीत ते कलम बत्तीस घरांनी ऐकलं होतं. हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. पुढच्या सभेत तो सगळ्यांनी विचारला. बिल्डरने दोन महिने खळखळ केली, मग ‘घराचा ताबा मिळेपर्यंत’ असं लिहून दिलं.

सोनूबाईंनी सही केली. जुनी बिल्डिंग या उन्हाळ्यात पाडली. त्या सध्या नाहूरला भाच्याकडे राहतात आणि तिथल्या पाण्याला नावं ठेवतात.

डेल्फिनच्या त्या तीन सोसायट्या परत आल्या नाहीत. पाच-सहा महिने तिचे कठीण गेले. पवईचं काम नसतं तर टेबल सुटलंच असतं. नेव्हिलने पुन्हा रिसेप्शनचं विचारलं, तिने पुन्हा नाही सांगितलं. हळूहळू वेगळी माणसं यायला लागली. खारदांड्याहून दोन कोळणी आल्या, त्यांना बाजाराच्या जागेसाठी अर्ज हवा होता. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, मरोळला एक बाई आहे, ती सांगू तसंच लिहिते.

डेल्फिनने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सांगाल तसं नाही. झालं असेल तसं. चालेल का?”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि खुर्च्या पुढे ओढल्या.