तिकोण्यावर नेणारं पाणी

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्याच्या घरी सकाळचा चहा गाळत होतो. "विनू, ताई गेली रे," एवढंच ते म्हणाले. पण फोन त्यांनी ठेवला नव्हता. मागून एक बारीक, सलग घुमणारा आवाज येत होता. थोड्या वेळानं मला कळलं, तो ताईच्या कॉम्प्युटरचा पंप आहे. झोपायच्या आधी ती मशीनला काहीतरी मोठं काम लावून ठेवत असे. ती झोपेतच गेली, आणि तिनं लावलेलं काम त्यांच्या कुसगावच्या घरात चालूच राहिलं...

मालती ही माझी थोरली बहीण. सरकारी पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होती. मावळातल्या डोंगरकपारीतल्या वाड्यांना नळाचं पाणी नेणं, हेच तिनं नोकरीभर केलं. मी शाळेच्या ग्रंथालयात होतो. लहानपणीच्या तापात माझा उजवा पाय अधू झाला. आमच्या अंगणातून तिकोणा समोर दिसायचा, आणि सगळी मुलं गडावर गेली की मी पायरीवर बसून त्यांची वाट पाहायचो. खाली आल्यावर ताई मला सगळं सांगायची, दरवाजा कसा आहे, टाक्यातलं पाणी किती गार आहे, शेवटच्या पायऱ्या किती उभ्या आहेत. पुढे गडकिल्ल्यांवरचं मिळेल ते मी वाचून काढलं. तिकोण्याबद्दल माझ्याइतकं वाचलेला माणूस तालुक्यात नसेल, आणि त्याच्या पहिल्या पायरीलाही माझा पाय लागलेला नव्हता. ताई निवृत्त झाली त्या वर्षी भाऊबीजेला मी ओवाळणी घातली, तर ती ताटाकडे न बघता म्हणाली, "विनू, तुला मी तिकोण्यावर नेणार." मला वाटलं, डोलीबिलीचा विचार आहे. मी हसलो. ती हसली नाही.

तो सगळा हिवाळा ती कॅमेरा घेऊन तिकोण्यावर चढत होती. गडाचे सगळ्या बाजूंनी हजारो फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरकडून ते एकमेकांना जोडून घ्यायचे, म्हणजे पडद्यावर अख्खा गड उभा राहतो आणि त्यात हवं तसं फिरता येतं, हे ती कुठंतरी शिकली होती. गडाच्या पायथ्याच्या तिकोणा पेठेत तिनं पूर्वी नळयोजना केलेली, त्यामुळे तिथल्या सखूमावशी तिला जेवल्याशिवाय सोडत नसत. एकदा मी खालपर्यंत गाडीतून सोबत गेलो होतो. मावशी मला म्हणाल्या, "तुमची ताई येक येक दगडाचा फोटू काढतीया. आमी हितं जन्म काढला, आमचा येक न्हाई काढला!" ताईनं लगेच त्यांना चुलीपुढे बसवून फोटो काढला, तर मावशी पदर सावरत ओरडल्या, "आता नगं, आता मी तवा धरलाय!"

फोटो पुरे झाले आणि ताईला धाप लागायला लागली. हृदय मोठं झालं आहे, चढ पूर्ण बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताईनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "खुर्चीत बसून काम केलं तर चालेल?" ते चालणार होतं. मात्र दिवस किती मिळतील ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मशीन मात्र साथ देईना. गडाचे फोटो जोडायला लावले की ते तापत जायचं, त्याचे पंखे गिरणीसारखे गरगरायचे, आणि काम अर्ध्यावर आलं की पडदा काळा. पुन्हा पहिल्यापासून. असं उन्हाळाभर चाललं. पुण्याच्या दुकानदारानं मशीन गार ठेवणारा तयार कूलर सुचवला, तर ताई म्हणाली, "एका वाडीची योजना उचलून दुसऱ्या वाडीला लावता येत नाही. आधी पाहणी करावी लागते."

आणि तिनं खरोखरच पाहणी केली. कॉम्प्युटरची पेटी उघडून जेवणाच्या टेबलावर ठेवली, आलेख कागद पसरला आणि नळयोजना आखावी तशी आखणी सुरू झाली. कल्पना तशी साधी. तापणाऱ्या भागांवर तांब्याचे पोकळ ठोकळे बसवायचे, त्यांतून नळीनं पाणी फिरवायचं, ते गरम झालेलं पाणी रेडिएटरच्या जाळीत गार करायचं आणि टाकीतून पंपानं परत आणायचं. "ही खालची वाडी, ही वरची वाडी," ती पेन्सिलीनं प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दाखवत म्हणायची. "वरची जास्त तापते. तिला पाणी कमी पडलं तर मोर्चा येईल." भाऊजी ताट घेऊन मागे उभे असायचे.

"अगं, जेवायचं कुठं?"

"मांडीवर घ्या ताट. वाडीवर माणसं तशीच जेवतात."

"आणि विजेच्या वस्तूत पाणी घालणार तू? इंजिनिअर ना तू?"

"इंजिनिअर आहे म्हणूनच घालते, अहो. तुम्ही घातलं असतं तर मी घर सोडून गेले असते."

स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर तिनं परत पाठवला, कारण ठोकळे तांब्याचे होते आणि ते दोन धातू एका पाण्यात ठेवले तर एक दुसऱ्याला खातो. सखूमावशींनी कुणाबरोबर तरी गडावरच्या टाक्याचं पाणी बाटलीतून पाठवलं, "गडासाठी गडाचंच पानी घाला, ताई" असा निरोप देऊन. ताईनं बाटली डोक्याला लावली आणि देवाजवळ ठेवली. मशीनमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घातलं, कारण टाक्याच्या पाण्यानं नळीत शेवाळ धरलं असतं. रेडिएटर खिडकीबाहेर छपराखाली लावायचं ठरलं, म्हणजे उष्णताही बाहेर आणि पंख्यांची घरघरही बाहेर. पण भाऊजींची अट होती, खिडकी उघडली पाहिजे. म्हणून नळी खिडकीच्या चौकटीच्या वर नेली आणि तिथल्या भोकातून वळवून बाहेर खाली सोडली. टाकी खाली टेबलावर राहिली.

ज्या दिवशी पाणी सोडायचं त्या दिवशी ताईनं मला बोलावून घेतलं. मशीनची वीज बंद ठेवून नुसता पंप चालवायचा आणि गळती आहे का ते बघायचं होतं. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवले होते, आणि ते ओले होतात का हे पाहायचं काम भाऊजींकडे होतं. ते टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसले होते. पंप सुरू झाला, पाणी नळीत वर चढलं... आणि चौकटीच्या वळणाशी येऊन थांबलं. पुढे जाईना. पंप नुसता गुरगुरत होता. फोनवर दुकानदार म्हणाला, पंप लहान पडतोय, मोठा घ्यावा लागेल. मोठा पंप परगावाहून येणार, म्हणजे आणखी काही आठवडे. ताईचा चेहरा मी पाहिला. सकाळपासूनच्या तेवढ्या उठबशीनंही तिला धाप लागली होती. ती खुर्चीत बसली, त्या अडलेल्या पाण्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ही रडणार. आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"विनू, हवा अडकलीय रे! उंचवट्यावर हवा अडकते, तिला वाट ठेवा, हे मी आयुष्यभर ठेकेदारांना ओरडून सांगितलं. खिंडीतनं पाइप नेला की पहिला प्रश्न माझा असायचा, हवा कुठून निघणार? आणि स्वतःच्या घरात, ह्यांच्या खिडकीसाठी, मीच खिंड करून ठेवली!"

उपाय एकच होता. टाकी त्या वळणाच्याही वर न्यायची, म्हणजे हवा आपोआप टाकीत येऊन निघून जाईल. चौकटीच्या वर भिंतीवर जागा होती, पण तिथं भाऊजींचा निवृत्तीच्या निरोपसमारंभातला, गळ्यात हार घातलेला फोटो होता. ताईनं फोटोकडे पाहिलं. भाऊजींनी ताईकडे पाहिलं.

"काढ," ते म्हणाले. "तसाही त्यात माझा डोळा मिटलाय."

टाकी वर चढली. मी पंप लावला. नळीतून बुडबुड्यांची एक माळ सरसरत वर गेली, टाकीत फुटली, आणि पाणी चौकट ओलांडून बाहेर गेलं, जाळीतून फिरलं आणि परत आलं. भाऊजी टॉर्च नाचवत ओरडले, "कोरडे! सगळे कागद कोरडे!" वाडीत पहिल्यांदा नळाला पाणी आलं की बायका नळाची पूजा करतात, ते ताईनं अनेकदा सांगितलं होतं. तिनं उठून त्या मशीनला हळदीकुंकू लावलं, आणि आम्ही तिघांनी उभ्यानंच पेढे खाल्ले. त्यानंतर मशीन एकदाही बंद पडलं नाही. फोटो जोडायचं काम दिवसेंदिवस चाललं, आणि वरच्या वाडीचा मोर्चा काही आला नाही.

गड पुरा झाला त्या दिवशी तिनं मला खुर्चीत बसवलं, माउस हातात दिला आणि स्वतः शेजारी बसली. मी तिकोणा चढलो. खरं सांगतो, दरवाजाशी माझ्या तळहाताला घाम आला होता. "इथं डोकं वाकव," ती म्हणायची. "इथं दम खा. घाई नाही. आता डावीकडे बघ, टाकं." बालेकिल्ल्याच्या उभ्या पायऱ्या माझ्यापुढे आल्या, पुस्तकांत वाचलेल्या, तिच्या तोंडून ऐकलेल्या. मी एकेक करून चढलो. वर पोहोचलो तेव्हा खाली पवना धरणाचं पाणी पसरलं होतं. ताईनं खुर्चीत मागे टेकून विचारलं, "काय रे, आहे ना मी सांगितलं होतं तसं?" तसंच होतं. त्यानंतर ती काही महिने जगली, आणि तिनं लगेच, दुसऱ्यांनी चढून काढलेल्या फोटोंवरून, विसापूरचा किल्ला हातात घेतला.

तिचे दिवस होऊन गेल्यानंतर मी पुन्हा कुसगावला गेलो. टाकीतलं पाणी थोडं उतरलं होतं, भाऊजींनी स्टुलावर चढून ते भरलं. मग ते माझ्या शेजारी बसले आणि संकोचून म्हणाले, "मी कधी गेलो नाही रे तिच्याबरोबर. दर वेळी काहीतरी काम निघायचं." मी माउस त्यांच्या हातात दिला. "भाऊजी, इथं डोकं वाकवा," मी म्हणालो. "इथं दम खा. घाई नाही." टाकं मागे टाकून ते शेवटच्या पायऱ्यांपाशी आले आणि थांबले. एका पायरीवर काळसर, लांबट असं काहीतरी पडलेलं होतं.

"हे काय रे? डाग?"

"सावली आहे. ताईची. फोटो काढताना उन्हात उभी होती, ती दगडाबरोबर आली."

त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्याजवळ वाकून बराच वेळ पाहिलं.

"टोपी घातलेली नाही तिनं," ते रागानं म्हणाले. "हजारदा सांगितलं होतं."

मग ते नीट बसले, माउस घट्ट धरला आणि म्हणाले, "चल. वर किती राहिलंय?"