रफूला चालणारा बल्ब

बायको गेली तेव्हा रफूवाला रडला नाही. नंतरही नाही. लोक येऊन बसले, चहा पिऊन गेले; त्यानं सगळ्यांना "बसा" म्हटलं आणि सगळ्यांना दारापर्यंत पोचवलं. आत काही म्हणजे काही हलत नव्हतं. मग तो आपला कामाला बसला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला सुचेना.

काम घरातच, पुढच्या खोलीत. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे भर दुपारीही दिवा लावूनच बसावं लागे. लेक भेटायला आली आणि विजेचं बिल बघून तिनं कपाळाला हात लावला.

"बाबा, हे जुने पिवळे बल्ब नुसती वीज खातात! आणि वर उकडतं ते वेगळंच."

तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळ्यात स्वस्त एलईडी बल्ब आणले आणि घरभर लावून टाकले. घर पांढरंफटक झालं. तो "बरं" म्हणाला. तिनं छप्पर काढून नेलं असतं तरी त्या दिवसांत तो "बरं"च म्हणाला असता.

मग एक दिवस समोरचा घड्याळजी आपला तपकिरी कोट घेऊन आला. कोपरावरची रफू दोनच दिवसांपूर्वी करून नेलेली.

"अहो रफूवाले, माझ्या कोपरावर गवत उगवलंय!"

रफूवाल्यानं कोट उलटासुलटा करून पाहिला. टाके बारीक, वीण चोख. "कुठं काय?"

"डोळे फुटले का तुमचे? तपकिरी कोटाला हिरवा धागा मारलाय!"

घड्याळजी हसून बोलला, पण त्याच आठवड्यात आणखी दोन गिऱ्हाइकं परत आली आणि ती काही हसत नव्हती. रफू दिसली की ती रफू कसली? धागा कापडात मिसळला पाहिजे, या धंद्याचा सगळा जीव तेवढ्यात. लेकीचं आधीपासून टुमणं होतंच, "बंद करा आता, आमच्याकडे राहायला चला." डोळे गेले असतील तर तिचं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याला भीती वाटायला हवी होती; तीही वाटली नाही. तक्रारी नवे बल्ब लागल्यापासूनच्या, एवढं मात्र ध्यानात आलं, म्हणून तो बाजारात बल्ब दाखवायला गेला.

विजेच्या सामानाचा दुकानदार भला माणूस होता, पण बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.

"दोष बल्बचा हो काका, डोळ्यांचा नाही! वॅट म्हणजे तो वीज किती खातो, ल्युमेन म्हणजे उजेड किती देतो. हे सगळेच बघतात. पण खोक्यावर तिसरा आकडा असतो, रंग किती खरे दिसतात त्याचा. स्वस्तातल्या मालावर तो छापतच नाहीत. तुमच्या कामाला नव्वदच्या वरचा पाहिजे. घरभर महाग बल्ब लावून कशाला खर्चात पडता? स्वयंपाकघरात, मोरीत स्वस्तातले राहू द्या. कामाच्या टेबलावर एकच हा लावा."

बोलणं रास्त होतं. त्यानं तो बल्ब घेतला, टेबलावर लावला, घड्याळजीच्या कोटाचे टाके उसवले आणि डब्यातनं धागा निवडून, कापडाशी पुन्हा पुन्हा ताडून, नव्यानं रफू केली. हात अजून पूर्वीसारखाच चालत होता. लेक आली तेव्हा त्यानं कोट तिच्यापुढे धरला.

तिनं कोट नव्या बल्बखाली नेला.

"बल्ब बदललात ना?"

"बदलला की."

ती कोट घेऊन बाहेर पायरीवर गेली, लख्ख उन्हात. तो मागोमाग गेला. तिनं कोपर त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. त्याला सगळं एकाच रंगाचं दिसलं.

"हिरवा आहे, बाबा."

तिनं कोट खाली घेतला. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आई असताना धागा कोण निवडायचं?"

"तीच. सकाळी सगळ्या सुया ओवून ठेवायची, ज्या त्या कापडाला टोचून. माझा वेळ वाचावा म्हणून..."

त्याला आठवलं. लग्नानंतर लगेचच एक गिऱ्हाईक दारात येऊन तावातावानं भांडत होतं. तिनं नवऱ्याला पाणी आणायला आत पिटाळलं आणि स्वतः दाराशी हळू आवाजात काहीतरी बोलून माणसाला वाटेला लावलं. "काय झालं?" यानं विचारलं, तर म्हणे, "काही नाही, घाई होती त्याला." दुसऱ्या दिवसापासून सुया ओवलेल्या. "रंग काय पकडता हो तुम्ही!" असं लोक म्हणायचे, तेव्हा हा मिशीवर ताव द्यायचा. बायकोला सुया ओवायचं वेड आहे म्हणून चारचौघांत तिची टिंगलही करायचा. ती शेजारी उभी राहून खुशाल हसायची.

त्याला रंग ओळखू येत नाहीत, हे जन्मभर तिनं त्याला कळू दिलं नव्हतं.

तो पायरीवर मटकन बसला. कोट मांडीवर घेतला आणि मग त्याला हुंदका आला, पाठोपाठ दुसरा, आणि लहान पोरासारखा तो मोठ्यानं रडू लागला. घड्याळजी समोरच्या दुकानातनं उठून उभा राहिला. लेक घाबरली, त्याच्या पाठीवरनं हात फिरवू लागली.

"बाबा, अहो बाबा, काय झालं?"

"आत्ता गेली गं ती," तो म्हणाला. "आत्ता गेली."