विहीणबाई, तो ट्राउट नव्हे!

माझ्या सुनेच्या मामांइतका संतापी माणूस अख्ख्या आखातात दुसरा झाला नसेल, आणि ज्या माशापायी ते संतापत तो तर या वाळवंटात यायलाच नको होता. त्याचं नाव आर्क्टिक चार. गोड्या पाण्यातल्या इतर माशांची हिंमत जिथे संपते, तिथल्या बर्फाने झाकलेल्या तळ्यांत हा सुखाने नांदतो. मामा त्याला शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, दोन गॅरेजांमधल्या शेडमध्ये, यंत्राने गार केलेल्या टाक्यांत वाढवत. बाहेर डांबर वितळतंय आणि आत मामा स्वेटर घालून ओरडतायत, "दार लावा! गरम हवा शिरतेय!" एकदा शेडचा मालकच दार उघडं धरून फोनवर कुणाला तरी "यल्ला, यल्ला" अशी घाई करत उभा होता, मामांनी त्याला बाहेर ढकलून आतून कडी घातली.

मी तेव्हा तरुण होते, म्हणजे नुकती साठी झालेली. काश्मीरच्या सहलीत एकदा ट्राउट खाल्ल्यापासून मी स्वतःला माशांतली तज्ज्ञ समजत असे. पहिल्याच भेटीत टाकीत डोकावून म्हटलं, "ट्राउट छान पोसलेत हो. तिरफळं घालून झकास होतील." मामांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. "विहीणबाई, तो ट्राउट नव्हे! ट्राउटच्या अंगावर काळे ठिपके. याचं अंग गडद, ठिपके फिकट. आणि खालच्या परांची कड बघा, पांढरीशुभ्र!" "धुतल्या धोतरासारखी," मी म्हटलं. त्यावर मामांनी आठवडाभर सुनेशी अबोला धरला. माझ्याशी धरायची सोय नव्हती, आणि तिचा गुन्हा काय, तर मी तिची सासू!

त्या वर्षी मालकाने बजावलं होतं, पिल्लं झाली नाहीत तर खलास, टाक्या बंद. मामांनी शेडमध्ये हिवाळाच आणला. पाणी आणखी गार केलं, दिवे लवकर मालवायला सुरुवात केली, तळाशी धुतलेली खडी पसरली. नरांची पोटं लालभडक झाली, माद्यांनी खडीत खळगे करून अंडी घातली. आता ती महिनोन्‌महिने तिथेच राहायची, म्हणून मामा चपलासुद्धा वाजू देत नव्हते.

आणि नेमकी अनंत चतुर्दशी आली. अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटात बाप्पा दरवर्षी बादलीत विसर्जित होतात. पण सप्टेंबरात इथल्या नळाला चहाचं पाणी येतं. शाडूच्या बाप्पांना त्या उकळत्या पाण्यात सोडायचं मला बघवेना. एवढी गार, स्वच्छ टाकी घरच्या माणसाकडे असताना? मी पैठणी नेसले, मुलाने मूर्ती उचलली, नातवाने झांजा घेतल्या, आणि आम्ही शेडमध्ये घुसलो.

"थांबा!" मामा असे गरजले की नातवाच्या हातून झांज पडली. मूर्ती टाकीवर अधांतरी.

"मामा, जस्ट टू मिनिट्स," मुलगा म्हणाला.

"दोन मिनिटांत सगळी मरतील! खडीच्या फटींतून गार पाणी खेळतं, त्यावर अंडी जगतात. तुमची माती फटींत बसली की गुदमरून खलास! शिकलेली माणसं ना तुम्ही?"

"आजी, ही इज सो अँग्री," नातू कुजबुजला.

मग मामांनीच धुसफुसत एका पिंपात टाकीचं गार पाणी काढलं, बाप्पांना दोन्ही हातांनी अलगद आत सोडलं आणि हात जोडून दरडावलं, "गार पाणी दिलंय. आता पिल्लं सांभाळ, नाहीतर माझ्याशी गाठ आहे!" मूर्ती विरघळल्यावर गढूळ पाणी त्यांनी शेडच्या मोरीतही ओतू दिलं नाही; पिंप बाहेर ढकलत नेऊन खजुराच्या मुळाशी रिकामं केलं.

थंडीत फोन आला. "विहीणबाई, पिल्लं आलीत. पोटाशी बलकाची पिशवी घेऊन खडीत पडलीत." आवाज इतका हळू, की मीच ओरडले, "मोठ्याने बोला हो!" "नको," ते म्हणाले, "घाबरतील."

टाक्या त्यानंतर काही वर्षं चालल्या, मग मालकाने धंदाच बदलला. आता मामा सांगलीत असतात. फोनवर शांतपणे माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात, आणि मला भयंकर राग येतो. परवा मुद्दाम खोडी काढली, "मामा, काल तुमचा ट्राउट खाल्ला हो. तिरफळं घालून." मी फोन कानापासून लांब धरून त्यांच्या ओरडण्याची वाट पाहत राहिले.

"ठिपके फिकट होते का हो?" मामांनी हळूच विचारलं.