पस्तिसाच्या अलीकडचं भोक

शालू गेल्याची बातमी आली तेव्हा मी सहामाही परीक्षेचं वेळापत्रक लावत होते. मी मुख्याध्यापिका आहे त्या मुलुंडच्या शाळेत तिचा भाऊ स्वतः आला. दारातच उभा राहून म्हणाला, "मंदाताई, शालूताई सकाळी गेली. चहा पिता पिता..." मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि कोणाकोणाला कळवायचं त्याची यादी करायला घेतली. पहिलं नाव लिहिलं ते शालूचंच. इतक्या वर्षांत काहीही झालं की आधी शालूला कळवायचं, हा हाताचा परिपाठ होता. मग ते खोडलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

आम्ही दोघी पूर्वी घाटकोपरच्या एका शाळेत शिक्षिका होतो, ती सकाळच्या पाळीत आणि मी दुपारच्या. आणे जाऊन नवे पैसे यायच्या थोडं आधीची गोष्ट. अडतिसाव्या वर्षी शालूने एम.एड.ला नाव घातलं आणि मानसशास्त्रातला विषय घेतला : सकाळच्या पाळीतल्या मुलांच्या जास्त लक्षात राहतं की दुपारच्या? विषय तिच्या मनासारखा होता, पण आकडेमोड दिसली की तिच्या तळहातांना घाम फुटायचा. संख्याशास्त्राचं प्रकरण मार्गदर्शक सरांनी दोनदा परत पाठवलं होतं. नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपत होती. अंधेरीच्या अध्यापक विद्यालयातली जागा ही पदवी हातात असेल तरच तिला मिळणार होती. आमचे हेडमास्तर तर तोंडावर म्हणाले, "बाई, तुम्ही कविता सुंदर शिकवता. आकड्यांच्या वाटेला कशाला जाता?" शालू माझ्या घरी येऊन माझ्यावर उखडली, "मंदे, तू गणितवाली ना? शिकव मला. नाही आलं तर तुझी वाट लावते!"

दर रविवारी सकाळी नऊ ते बारा, असं मी वेळापत्रक केलं. सरासरी तिला लगेच समजली. गाडी अडली ती प्रमाण विचलनावर, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगलेत ते मोजण्यावर. सूत्र पाठ, वर्गमूळ बिनचूक, पण अर्थ काही लागेना. शेवटी तो तिचा तिलाच लागला, तोही दुधाच्या रांगेत. तिच्या घराजवळ दोन दूधकेंद्रं होती. पंधरा दिवस आलटूनपालटून ती दोन्हीकडे उभी राहिली आणि किती मिनिटं मोडली ते लिहीत गेली. त्या रविवारी दार उघडायच्या आधीच तिचा आवाज आला, "अगं, दोन्हीकडची सरासरी सारखीच! पण एकीकडे रोज वीसच मिनिटं, आणि दुसरीकडे कधी पाच, कधी चाळीस. मग शाळेची घंटा गाठायची असेल तर मी कुठे उभी राहू, सांग?" मी म्हटलं, "हेच ते प्रमाण विचलन." तिने वही मिटली. मग म्हणाली, "एवढंच? आणि ह्यासाठी त्या पुस्तकवाल्याने बारा पानं खाल्ली?"

पुढे तिने दोन्ही पाळ्यांतल्या मुलांना शंभर शब्द ऐकवून, आठवतील तेवढे लिहायला लावले. एका शब्दाला एक गुण. कागदांचे गठ्ठे आम्ही निम्मे निम्मे तपासले. सकाळची मुलं सरस निघाली, सर "छान" म्हणाले आणि प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले. आता फक्त आलेख काढायचे होते. आलेखाच्या कागदावर ठिपके जोडता जोडता शालूची पेन्सिल थांबली.

"मंदा, ह्या डोंगराला इथे भोक का पडलंय गं?"

बत्तिसापर्यंत रेषा नीट चढत होती. तेहतीस आणि चौतीस गुणांवर एकही मूल नव्हतं. आणि पस्तिसावर एकदम मनोरा! मी म्हटलं, "असेल योगायोग." तिने गठ्ठा ओढला आणि पस्तीसवाले कागद वेगळे काढले. दुसऱ्या कागदावरच आम्हाला कळून चुकलं. 'चिमणी'च्या जागी 'चिमण्या', 'पाटी'च्या जागी 'पाट्या', अशांना आम्ही गुण दिले होते. पण फक्त तेहतीस-चौतिसाशी अडकलेल्या मुलांना. ह्या चाचणीत पास-नापास काही नव्हतंच. पण वर्षानुवर्षं पेपर तपासलेल्या हातांना पस्तिसाचा उंबरठा ठाऊक होता. मूल त्याच्या अलीकडे दिसलं की हात आपोआप पुढे व्हायचा. माझ्या गठ्ठ्यात तेच, तिच्या गठ्ठ्यात तर त्याहून जास्त, आणि तिने तपासलेली मुलं बहुतेक सकाळचीच.

मी म्हटलं, "शालू, राहू दे. सरांनी बघितलंय. कोणाला कळणारे?"

"ज्या बाईला संख्याशास्त्र येत नाही तिला कळलं, आणि परीक्षकाला कळणार नाही? ऊठ, यादी कर."

मी यादी केली. मुलाचं नाव आणि पाळी दिसू नये म्हणून प्रत्येक कागदाचं डोकं दुमडून टाचणी लावली. गठ्ठ्यांची अदलाबदल केली, नियम एकच ठरवला : अगदी तोच शब्द, तरच गुण. रोज शाळा सुटल्यावर दोन तास. सोळाव्या दिवशी नवी सरासरी हाती आली. सकाळ आणि दुपार ह्यांतला फरक इतका उतरला होता, की तो निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता. दोन वर्षं जे सिद्ध करायला धडपडली, ते तिनेच पुसलं. सर हबकले. "अहो, मग तुम्ही दाखवलंत काय?" शालू म्हणाली, "फरक दिसला नाही, हे दाखवलं सर." प्रबंधात तिने दोन्ही आलेख जोडले, भोकासकट.

तोंडी परीक्षेला मी बाहेर बाकावर होते. अर्धा तास झाला, पाऊण झाला... आतून एकदम मोठ्याने हसण्याचा आवाज आला आणि मी बाकावरून उठले. दार उघडून शालू बाहेर आली, ती पदर सावरत जवळजवळ पळतच. परीक्षकांनी त्या आलेखावर बोट ठेवून विचारलं होतं, हे काय? तिने सगळं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, बाई, पंचवीस वर्षं मीही असेच पेपर तपासतोय. हा आलेख माझ्या वर्गासाठी द्याल का? "मंदे, पास!" ती व्हरांड्यात ओरडली. "आणि ग्रेस न घेता!" शिपाई बघत राहिला. मी तिथेच तिला मिठी मारली.

अंधेरीला तिने पुढे काय शिकवलं? संख्याशास्त्र. कवितेच्या बाईंच्या तासाला मुली जागा धरून बसायच्या, असं तिची एक विद्यार्थिनी परवा सांगत होती.

ह्या सहामाहीचे पेपर तपासून झाले तेव्हा आमच्या शाळेतली नवी शिक्षिका माझ्या खोलीत आली. "बाई, हिला चौतीस पडतायत. एक वाढवू?" मी म्हटलं, "वाढव ना. पण चौतिसाला चौतीसच लिही, आणि तो एक शेजारच्या रकान्यात लाल शाईने दाखव." आमच्या शाळेत दोन रकाने असतात. तिने विचारलं, असं का? मी तिला समोर बसवलं, आलेखाचा कागद दिला आणि म्हटलं, तुझ्या वर्गाचे लाल शाई सोडून सगळे गुण मांड. ती खाली मान घालून ठिपके देत होती. तेहतिसावर दोन मुली, चौतिसावर तीन. रेषा कुठेही न तुटता पस्तीस ओलांडून वर गेली. मी तो कागद शिक्षकांच्या खोलीत, वेळापत्रकाच्या शेजारी, स्वतः लावला आहे.