वीस अंशांची खोली

मुंबईत बारा महिने स्वेटर घालणारा माणूस मी एकच पाहिला, तुळशीदास चिंदरकर. मे महिन्यात आम्ही वर्कशॉपातली माणसं बनियनवर आलेलो असायचो आणि हा गृहस्थ दुपारचा डबा खायला बाहेर यायचा तो कोपरावर रफू केलेला तपकिरी लोकरी स्वेटर घालून. पोरं हसायची. त्याला त्याचं काही नव्हतं. डबा संपला की हात धुवायचा, पुसायचा, परत पुसायचा आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा.

ती खोली म्हणजे आमच्या अंधेरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मेट्रॉलॉजी रूम, बारीक मापं घ्यायची खोली. आमच्या वर्कशॉपला लागूनच होती. बारा बाय दहाची, वाऱ्याला वाव नाही, दाराला एक काच. धातू गरम झाला की फुगतो, म्हणून मायक्रॉनमधलं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंतचं, माप घ्यायचं ते वीस अंशांवरच, असा नियम आहे. त्यासाठी तिथे दोन एसी होते. प्रिन्सिपॉल तेव्हा पंख्याखाली घाम पुसत बसायचे. मी तुळशीदासला म्हणायचो, "लोखंडाचे लाड आहेत रे हे, तुझे नाहीत."

दारावर पाटी होती : आत एकच माणूस. माणसाचं अंग सदतीस अंशांचं. दुसरा माणूस आत येणं म्हणजे शेगडी आत आणल्यासारखंच, असं तुळशीदास नव्या विद्यार्थ्यांना सांगायचा. विद्यार्थी आपले तुकडे बाहेर ठेवून जायचे आणि दोन दिवसांनी मापांचा कागद घेऊन जायचे. अकरा वर्षं हा माणूस आठ-आठ तास त्या खोलीत एकटा बसला. त्याच्या मापात एकदाही चूक निघाली नव्हती आणि ते तो न सांगता सगळ्यांना माहीत होतं.

घरीही तेच. बायको, प्रेमा, गावी मालवणकडे. सासूचं करायला आणि आंब्याची कलमं राखायला ती तिथेच राहिली, मुलंही तिथेच. तुळशीदास घाटकोपरच्या भटवाडीत एका खोलीत. "दोन खोल्यांचो मालक आसंय मी," तो म्हणायचा, "मुंबईत कितक्यांका जमता?" मी हसायचो. आता वाटतं, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. अकरा वर्षांत मी एकदाही त्याच्या दारावर टकटक करून "काय रे, बरा आहेस ना?" म्हटलं नाही. पाटीचं निमित्त मला सोयीचं होतं.

चौऱ्याऐंशी साली उत्तरा सामंत एम.ई.ला आली. मुलुंडहून बस बदलत यायची. मेकॅनिकलला तेव्हा मुलगी म्हणजे पोरांना जत्राच. तिचा विषय साधा होता. अ‍ॅल्युमिनियमच्या बुशाचं, म्हणजे जाड कड्याचं, भोक हळू कापलं आणि वेगात कापलं, तर मापात फरक पडतो का? बशीएवढ्या भोकाचे बहात्तर बुश मीच तिला लेथवर कापून दिले, छत्तीस हळू, छत्तीस वेगात. वेणी खाकी कोटाच्या आत खोचून ती माझ्या शेजारी उभी राहायची आणि प्रत्येक बुशावर नंबर टाकायची. कंटाळायची नाही. मला माणूस आवडायला तेवढं पुरतं.

हळू कापलेल्या छत्तिसांची मापं तुळशीदासने नेहमीसारखी घेतली. तो आत, ती बाहेर पॅसेजमध्ये स्टुलावर. ती कागद घ्यायला यायची आणि तिथेच बसून राहायची, कारण दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. लेडीज रूम पार मागच्या बिल्डिंगमध्ये. कॅन्टीनमध्ये ती शिरली की सगळी टेबलं गप्प व्हायची. स्टुलावर बसलेली दिसली की जाणारी-येणारी पोरं काहीतरी फेकून जायची, शब्दच, पण लागणारे. एक दिवस मी पाहिलं, तुळशीदासने दार उघडलं, पाटीकडे न बघता म्हणाला, "आत येऊन बसा, बाय. आकडे मी सांगतंय, तुम्ही लिवा."

त्या दिवसापासून वेगात कापलेले छत्तीस बुश दोघांनी मिळून मोजले. रोज दुपारी तासभर. काचेतून मला दिसायचं. तो डायलवर डोळा लावून आकडा बोलायचा, ती लिहायची आणि मधूनच दोघं हसायची. अकरा वर्षांत मी या माणसाचे दात पाहिले नव्हते, ते आता रोज दिसायला लागले. ती त्याला काका म्हणायची. स्थळं येतात आणि 'मुलगी मेकॅनिकल?' म्हणून चहा अर्धा टाकून उठतात, हे ती नकलेसकट सांगायची. तो गावचं सांगायचा, मुलाचं पत्र वाचून दाखवायचा. खरं सांगायचं तर मला मत्सर वाटला. मला त्याने कधी पत्र वाचून दाखवलं नव्हतं. मी तरी कधी विचारलं होतं म्हणा.

महिन्याभरात काम झालं. उत्तराने आलेख काढला आणि आलेख बोलला : वेगात कापलेली भोकं तीन मायक्रॉनने मोठी. सगळीच्या सगळी. तिचे गाइड, आमचे सर, खूश. मद्रासच्या सेमिनारला पेपर पाठवू म्हणाले. उत्तरा पेढे घेऊन आली. पहिला तुळशीदासच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "काका, आपला रिझल्ट आला."

तुळशीदासने आलेख पाहिला. पेढा हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या लेथपाशी येऊन उभा राहिला, स्वेटर घालूनच. त्याच्या खोलीतून तो असा कामाच्या वेळेत कधी बाहेर पडत नसे. मी मशीन बंद केलं.

"शिवदास, वाट लागली रे."

"कुणाची?"

"त्या पोरीची. आणि लावली ती मी."

मग त्याने सांगितलं. पहिल्याच दिवशी उत्तरा कुडकुडायला लागली होती. ओढणी अंगाभोवती लपेटून लिहीत होती, बोटं वळत नव्हती. त्याने तिला न सांगता एक एसी बंद केला. मग रोजच ती यायच्या अर्धा तास आधी बंद करायला लागला. पारा साडेबाविसावर जायचा. थर्मामीटर तिच्या खुर्चीमागे भिंतीवर होता, तिला दिसायचा नाही. तापमानाच्या रजिस्टरमध्ये तो वीस लिहायचा.

"अडीच अंश," मी म्हटलं. "अडीच अंशांनी काय होतंय?"

"मी पण ह्याच म्हटलंय." तो स्वेटरची कड चोळत होता. "जेच्याशी माप ताडतंय तो मास्टर पोलादाचो, तुकडो पोलादाचो. दोनय सारखे फुगतत, माप तसाच ऱ्हवता. अकरा वर्सां पोलादच मोजलंय रे मी. ह्या अ‍ॅल्युमिनियम होता. ता दुप्पट फुगता. आज सकाळी सहा बुश वीस अंशांवर परत मोजलंय. तीन मायक्रॉन गेले."

म्हणजे वेगाने काही केलंच नव्हतं. पहिले छत्तीस वीस अंशांवर मोजले होते, दुसरे साडेबाविसावर, आणि तो फरक उबेचा होता.

मी काय सल्ला दिला ते लपवत नाही. मी म्हटलं, गप्प बस. तीन मायक्रॉन म्हणजे केसाचा विसावा भागसुद्धा नाही. तिला डिग्री मिळेल, सरांना मद्रास मिळेल, तुझं अकरा वर्षांचं नाव राहील. कोण मोजायला येतंय? तुझ्याशिवाय मोजतंच कोण इथे?

"ताच तर," तो म्हणाला. "माझ्याशिवाय मोजता कोण?"

आणि गेला. सरांकडे आधी नाही गेला, उत्तराकडे गेला. ती पॅसेजमध्ये स्टुलावर बसून पेपरची प्रत तपासत होती. मी हात पुसत मागे उभा होतो. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं, शुद्ध मराठीत, शाळेत पाठ म्हणतात तसं. रजिस्टर खोटं लिहिलं, हेसुद्धा.

उत्तराने पेपरची प्रत मिटली. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "मला थंडी वाजत होती तर मला सांगायचं ना, काका. मी स्वेटर आणला असता."

एवढी साधी गोष्ट, पण आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यात आली नव्हती. मला तरी आली नव्हती. त्याच्या डोक्यात आली होती, हे मला नंतर कळलं. बसस्टॉपवर त्याने स्वतःहून सांगितलं. स्वेटर आणा म्हटलं असतं आणि ती म्हणाली असती, 'नको काका, थंडीच आहे, मी बाहेरच बसते,' तर? या एका 'तर'ला तो घाबरला होता. "रोज वाटायचा, आज सांगुया," तो म्हणाला. "आणि हात एसीकडे जायचो."

सर भरपूर ओरडले. लेखी काही केलं नाही, पण बहात्तरच्या बहात्तर परत मोजा म्हणाले आणि रजिस्टरमधला प्रत्येक खोटा वीस लाल शाईने खोडून सही करायला लावली. बावीस सह्या होत्या. मद्रास राहिलं.

तीन आठवडे मोजणी चालली. दार बंद, पाटी जागेवर. उत्तरा बाहेर स्टुलावर बसायची. तुळशीदास आकडा चिठ्ठीवर लिहून काचेला लावायचा, ती उतरवून घ्यायची आणि मान हलवायची. आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नव्हतं आणि दोघांनी प्रयत्नही केला नाही. ती रागावली होती असं नाही. सकाळी आली की "काका, आलात?" म्हणायची. पण प्रबंधासाठी तिचाही जीव टांगणीला लागला होता आणि ऊब काय करते ते दोघांनी पाहिलं होतं.

आकडे बरोबर आले. वेगाने मापात काही फरक पडत नाही, असा तिने प्रबंध लिहिला. फरक पडत नाही हेही उत्तरच असतं, परीक्षकांनी काही खोड काढली नाही. शहाऐंशीच्या जूनमध्ये तिला पुण्याला नोकरी लागली. निघताना दोघांच्या पाया पडली, मला अवघडल्यासारखं झालं.

प्रबंधाची एक प्रत डिपार्टमेंटला आली. आभाराच्या पानावर सरांनंतर लगेच तुळशीदासचं नाव होतं. इंग्रजीत लिहिलं होतं, मी दोनदा वाचलं. मापनाच्या काळात खोलीचं तापमान काटेकोरपणे वीस अंशांवर राखल्याबद्दल श्री. चिंदरकर यांचे आभार. तिने चांगल्या मनानेच लिहिलं होतं, त्याचं नाव तिला धुऊन द्यायचं होतं. तुळशीदासने बोट ठेवून ओळ वाचली, म्हणाला, "बरोबर लिवलानी," आणि प्रत मिटून मला दिली.

त्या दुपारी मी पहिल्यांदा त्याच्या दारावर टकटक केली. म्हटलं, पाच मिनिटं बसू दे. त्याने आधी टेबलावर काही मोजायला ठेवलंय का ते पाहिलं, मग दार पुरतं उघडलं. आत खरंच बाहेरच्यापेक्षा वेगळं गाव होतं. दाराच्या मागे खुंटीला एक स्वेटर टांगलेला होता. निळा, बायकी, नवाकोरा, बटणांवरचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. परत मोजणी चालू होती तेव्हाच त्याने आणला होता. मोजणी संपल्यावर तिला म्हणणार होता, आता मोजायचं काही नाही, पण आत येऊन बसा. मोजणी संपली त्याच दिवशी ती टायपिस्टकडे गेली, मग पुण्याला. म्हणायचं राहिलं.

"घाल," तो म्हणाला. "कुडकुडतंस."

मी घालून पाहिला. एक हात कसाबसा शिरला, दुसरा शिरेना. परत खुंटीला लावला आणि तिच्या खुर्चीवर काखेत हात घालून बसलो. दात वाजायला लागले. तुळशीदासने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा हात एसीच्या बटणाकडे गेला. अर्ध्यावर थांबला. टेबलावर मोजायचं काहीही नव्हतं, तरी थांबला.

"असू दे," मी म्हटलं. "मुलाचं पत्र आलं का रे?"

त्याने हात खाली घेतला आणि पत्र काढायला खिशात घातला.