शहादतीचा दुसरा अर्थ

आमच्या गावाला हुतात्मा नव्हता. निजामाचं राज्य गेल्यावर शेजारच्या गावात दगडी खांब उभा राहिला, त्याच्यापुढं भाषणं झाली, आणि आमच्या चावडीला आपण मागं पडलो असं वाटू लागलं. मग गावात मेलेल्या माणसांची चाळणी सुरू झाली.

एका शेतकऱ्यावर सगळे थांबले. राज्य जाण्याच्या थोडं आधी त्याला उमरग्याच्या कोर्टात बोलावलं होतं. कशासाठी, ते चावडीला ठाऊक नव्हतं. परत आला तो हगवण घेऊनच, आणि त्यातच वारला. त्याची बायको चावडीत म्हणाली, "चपराशी सोता सांगून गेला, तुमच्या मालकांची शहादत लई झकास झाली."

सगळे माझ्याकडं वळले. गावात उर्दू शिकलेला मी एकटा, शाळेत मास्तर. पाटलांनी विचारलं, "मास्तर, शहादत म्हंजी काय ओ?"

"शहीद होणं," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. पण निजामाच्या कोर्टात शहादत म्हणजे साक्ष. लोक शहादत देऊन घरी जेवायला जात. शब्दाचं मूळच ते आहे. अरबीत शहीद म्हणजे साक्षीदार, जीव देऊन साक्ष देतो तोही त्यातच आला. आपल्या हुतात्म्याची रीत वेगळी. त्यानं स्वतःला होमात वाहिलेलं असतं. या शेतकऱ्यानं वाहिली ती कोर्टाबाहेरची शिळी भजी, स्वतःच्या पोटात. पोलीस फुकट खाऊ घालत होते.

त्यानं साक्ष दिली होती ती गावच्याच एका गाडीवानाविरुद्ध. कडब्याखाली काडतुसं लपवून सरहद्दीवरच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पाकडं नेताना याला पाहिलं, असं तो मराठीत बोलला. त्याचं उर्दू करून मुन्सिफाला ऐकवणारा मी होतो. गाडीवान तुरुंगात गेला. राज्य बुडाल्यावर सुटून आला, तर गाव त्याला चोरटा माल नेणारा म्हणे. काडतुसांचं सांगितलं की लोक हसत. त्याच्या थोरल्या मुलीची सोयरीक त्यापायीच मोडली होती.

त्या दिवशी तो चावडीच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "मास्तर, दुसरा अर्थ बी हाय की. तुमी व्हता तिथं."

"तिथं म्हंजी कुठं?" पाटील म्हणाले.

नव्या सरकारात माझी नोकरी नुकतीच पक्की होत होती. जुन्या पोलिसांचा दुभाषी ही ओळख मला परवडणारी नव्हती.

"दुसरा अर्थ इथं लागू होत नाही," मी म्हणालो.

गाडीवानानं एकवार त्या विधवेकडं पाहिलं. "मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "दगड आणाय गाडी लागंल ना? माझी हाय."

खांब त्याच्याच गाडीतून आला. ‘हुतात्मा’ ही अक्षरं मी काढून दिली, पाथरवटानं कोरली. पुढं कितीतरी वर्षं शाळेतल्या मुलांना त्या शब्दाची फोड मी फळ्यावर करून दाखवली. गाडीवानाची मुलगी शेवटी लांबच्या गावी बिजवराला दिली. पुढं गाडीवानही गेला.

त्या कोर्टात बसलेल्यांपैकी आता मीच उरलो आहे. म्हणून सांगतो. गाडीत काडतुसंच होती आणि ती कॅम्पालाच चालली होती. कोणी दिली, म्हणून मुन्सिफानं गाडीवानाला पुन्हा पुन्हा विचारलं. त्यानं कोणाचंही नाव घेतलं नाही. ‘म्हाईत न्हाय’ एवढंच म्हणत राहिला, आणि त्याचंही उर्दू मीच केलं.